जहिदाभाभींची घंटी

देवळाली कॅम्पच्या बाजारात हबीबभाई चार्जिंगचे दिवे आणि पॉवरबँका दुरुस्त करतात. शेजारीच माझं वह्या-पेनांचं दुकान. वीज गेली की त्यांच्या फळीवरचे दिवे आपोआप लागतात. एखादा लागला नाही, तर भाई त्याला कामचुकार म्हणून रागावतात.

पॉवरबँक मधेच बंद पडते, अशी तक्रार आली की त्यांचं उत्तर ठरलेलं. "बिघडली नाय साहेब. मोबाईल भरला की करंट कमी ओढतो, त्यावरून ती ओळखते आणि बंद होते. एवढ्याशा वस्तूला लावली तर तिला वाटतं, कुणी नाहीच. अर्ध्या मिनिटात झोपते." हे मी शंभरदा तरी ऐकलंय.

दुकानाच्या वरच त्यांचं घर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, जहिदाभाभींना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. भाईंनी त्यांच्या डाव्या हातात एक बटण दिलं. ते दाबलं की खाली घंटी वाजायची आणि भाई हातातलं टाकून जिना चढायचे.

मार्चमधल्या एका शनिवारी दिवसभर वीज बंद राहणार होती. सकाळी भाईंनी उशाशी पॉवरबँक ठेवून घंटी तिला जोडली आणि लगेच भाभींना बटण दाबायला लावलं. वाजली. ते निर्धास्त खाली आले. तीन तास घंटी नाही, तर मला म्हणाले, "आज आराम पडलाय तिला."

दुपारी ते वर गेले आणि त्यांची हाक ऐकून मी धावलो. भाभी पलंगावरून अर्ध्या घसरलेल्या, मान भिंतीशी मुडपलेली, ओठ निळसर. अंगठा अजून बटणावर होता.

दवाखान्यात आठवडा काढून त्या वाचल्या. "साऱ्या गावाला सांगतो मी, गोरक्षभाऊ," भाई मला म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्यांचा राग आला होता. राग आल्याची लाजही वाटली.

मग त्यांनी घंटीला एक छोटा बल्ब जोडला. तो सतत जळतो, म्हणून पॉवरबँक झोपत नाही. पण भाभी बटणच दाबेनात. भाई हातात द्यायचे, त्या बोटं मिटून घ्यायच्या. भाई दर दहा मिनिटांनी वर जायचे, जेवण सुटलं, कामं पडून राहिली. "एकदा दाब," म्हणून ते विनवायचे.

पंधराव्या दिवशी घंटी वाजली. भाई धडपडत वर गेले, मागे मी. भाभी नीट निजलेल्या होत्या. पाणी नको होतं, कूसही बदलायची नव्हती. भाईंकडे बघून त्यांनी डोळे मिटले.

आता ती दिवसातून वीसदा वाजते. भाभींना काही नको असतं. भाई येतात का, एवढंच त्या बघतात. भाई दर वेळी जातात.