चाळीस नंबरचं भिंग

बंडूजींच्या दुर्बिणीला डोळा लावणारा प्रत्येक माणूस आधी एकच प्रश्न विचारतो, "किती पट दिसते?" पोस्टमन विचारतो, बँकेचा मॅनेजर विचारतो, आमच्या कॉलेजातले पीएचडी झालेले प्राध्यापकसुद्धा हेच विचारतात. बंडूजींचं उत्तर ठरलेलं असायचं, "पटीचं काय करता जी? दिसते कसं थे पाहा."

मी देवळीला त्यांच्या शेजारच्या घरात राहते. वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळच्या एसटीने येते आणि मधल्या वेळात मुलांवर ओरडते. प्रकाश आणि भिंगं हा माझा खास विषय. हे आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत सगळ्यात मोठा गाढवपणा माझाच आहे.

बंडूजी जिनिंगमध्ये फिटर. वय एकोणसाठ. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याचा एक रोलर असतो आणि त्याला लागून पोलादी सुरी बसवलेली असते. दोघांमधली फट कागदाएवढी हवी. जास्त झाली तर सरकी रुईत जाते, कमी झाली तर रोलर जळतो. पलीकडून दिवा धरून बंडूजी त्या फटीतून येणारी उजेडाची रेघ बघतात आणि नुसत्या नजरेने सुरी बसवतात. पस्तीस हंगाम त्यांनी हेच केलं. तालुक्यात त्यांच्यासारखी सुरी बसवणारा दुसरा कोणी नाही, असं जिनिंगचा मालक स्वतः सांगतो, आणि तो माणूस सहसा कोणाचं कौतुक करत नाही.

दुर्बिणीचा नाद त्यांना पन्नाशीनंतर लागला. एका मासिकात त्यांनी वाचलं, की काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर पावडर टाकून घासत राहिलं की वरची खोलगट होते आणि तिचा आरसा करता येतो. झालं! लोखंडी ड्रमवर चकती ठेवून हे गृहस्थ एक अख्खा उन्हाळा अंगणात ड्रमभोवती गोल गोल फिरत काच घासत होते. गल्लीतल्या लोकांना वाटलं, कोणी करणी केली. पण आरसा झाला, आठ इंची आणि झकास. पत्र्याची नळी, प्लायची पेटी, आणि आरशावरचा उजेड बाजूला वळवायला नळीच्या तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा. हा तिरपा आरसा त्यांनी गरजेपेक्षा जरा मोठाच घेतला. म्हणाले, "उजेड वाया नाई जायले पायजे."

तीन वर्षं त्यांच्या स्लॅबवर अख्ख्या गल्लीने चंद्र पाहिला. फक्त कौशल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कधी पाहिला नाही. "मले कामं हायेत," एवढंच म्हणायच्या आणि खाली जायच्या.

अडचण एकच होती. बंडूजींकडे आयपीस होतं दहा नंबरचं. डोळा जिथे लावतात ते भिंग म्हणजे आयपीस. त्याच्यावरचा आकडा उलटा चालतो. बंडूजींच्या दुर्बिणीची लांबी हजार मिलिमीटर. तिला दहाने भागलं की शंभर पट, चाळीसने भागलं की पंचवीस पट. शंभर पटीत चंद्र जेमतेम मावतो आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे बघता बघता बाजूला सरकतो. रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी पदर सावरून, चष्मा काढून, एक डोळा मिटून भिंगाला डोळा लावेपर्यंत चंद्र अर्धा पळालेला असायचा. मग बंडूजी परत नळी हलवणार, परत ती बाई वाकणार. एकदा एक आजी वैतागून म्हणाल्या, "राहू दे बाबू, मी खालूनच पाहतो." ते बंडूजींना फार लागलं.

"मॅडम, सगळ्यात कमी पटीचं आयपीस आणून द्या मले," ते मला म्हणाले. "आकाश मोठं दिसलं पायजे. माणसाले आरामात पाहता आलं पायजे."

मी एका कार्यशाळेसाठी पुण्याला जाणार होते. तिथल्या दुकानदाराने विचारलं, आरसा केवढा, लांबी केवढी? मला गाडी पकडायची घाई होती, शिवाय हा काल मिसरूड फुटलेला पोरगा मला प्रश्न विचारतो याचा राग आला. म्हटलं, मी फिजिक्स शिकवते, तुमच्याकडचं सगळ्यात मोठं आहे ते द्या. त्याने निमूटपणे चाळीस नंबरचं दिलं. कमी पटीचं भिंग निवडणं हे जास्त पटीच्या भिंगापेक्षा कितीतरी अवघड असतं, पण ते मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. परीक्षेला ते येत नाही.

मी आयपीस दिलं तेव्हा गणपती बसायचे होते. बंडूजींनी दोन्ही हात पंच्याला पुसून ते घेतलं. "बाप्पा, हे तं खिडकीच हाये," म्हणाले. चतुर्थीचा चंद्र बघायची कौशल्याबाईंनी सक्त मनाई केली होती, नंतर पाऊस आला. शेवटी गौरी बसल्या त्या दिवशी आभाळ उघडलं आणि बंडूजी दिवस मावळता मावळता एकटेच वर गेले. मी पेपर तपासत बसले होते.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला महिन्याभराने कळलं, पण इथेच सांगते.

त्यांनी चंद्र धरला. चंद्र अगदी मजेत मधोमध बसला, भोवती भरपूर आभाळ. आणि त्याच्या बरोबर मधात एक काळा डाग. धूसर कडांचा, अंगठ्याचा ठसा उमटावा तसा. बंडूजींनी भिंग पुसलं, डाग तिथेच. फिटर माणूस, त्याने रीतसर तपासणी केली. आयपीस जागेवरच गोल फिरवलं, डाग फिरला नाही. डोळा जरा हलवला, तर डाग लगेच हलला. म्हणजे दोष भिंगात नाही, डोळ्यात. मग डावा डोळा लावला. त्यातही डाग. दहा नंबरचं जुनं आयपीस लावलं तर डाग नव्हता, पण तोवर भीतीने त्यांचा ताबा घेतला होता. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की जुन्यात चंद्र एवढा मोठा दिसतो, की हा डाग त्यात हरवत असेल.

त्यांच्या वडिलांना, तानबाजींना, साखरेचा आजार होता. तो डोळ्यांत उतरला. तानबाजींनी पहिल्यांदा जी तक्रार केली ती बंडूजींच्या अजून कानात होती, "मधात काळं दिसते रे." वर्षभरात दोन्ही डोळे गेले. पुढे अकरा वर्षं ते जगले, आणि त्या अकरा वर्षांत त्यांना न्हाऊ घालणं, जेवू घालणं, हात धरून परसात नेणं, सगळं कौशल्याबाईंनी केलं. तेव्हा त्या ऐन तिशीत होत्या. आता साठीला आलेल्या या बाईने तेच सगळं पुन्हा नवऱ्यासाठी करायचं, या विचाराने बंडूजींचं काळीज फाटलं. म्हणून त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. ज्या माणसाने अख्ख्या गावाला त्या दुर्बिणीतून बघायला लावलं, त्याने या एका गोष्टीसाठी दुसऱ्या कोणाला डोळा लावू दिला नाही.

आम्हाला फक्त वरवरचं दिसत होतं. दुर्बिणीवर जुनी चादर पडली. कोणी विचारलं तर, आरसा धुवायला काढला. बंडूजी बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. दसरा जवळ आला, जिनिंग सुरू व्हायची वेळ झाली, मालकाचा निरोप आला, आणि बंडूजींनी सांगितलं, यंदा दुसरा फिटर पाहा.

कौशल्याबाई माझ्याकडे आल्या. "आकांक्षा, तूच पाह्य वं माय यायच्याकडं. सकाळी अंगणात डोळे मिटून चालून राह्यले. दारापासून नळापर्यंत, नळापासून दारापर्यंत. मले पाह्यलं का थांबते. कोणी बुवा-बिवा भेटला का काय?"

मला वाटलं, माझं आयपीस त्यांना आवडलं नाही आणि सांगायचा संकोच वाटतोय. एवढ्या हौसेने पुण्याहून वागवत आणलेल्या वस्तूचं असं झालं म्हणून मी फुगूनच बसले होते. तेवढ्यात दसऱ्याच्या दोन दिवस आधी बंडूजींनीच मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, दुर्बीण कॉलेजात घेऊन जा. पोरं पाहतीन."

मी संध्याकाळी स्लॅबवर गेले, मोजमाप घ्यायला. सूर्य नुकताच मावळला होता, पश्चिमेला अजून लाली होती आणि अष्टमीचा चंद्र डोक्यावर. बंडूजी चादरीची घडी घालत होते.

"काका, आयपीस पटलं नसंल तं तोंडावर सांगा ना," मी म्हटलं. "असं रुसून काय बसता?"

"आयपीस चांगलं हाये," ते म्हणाले. "माह्यं मन उडालं, बस."

कौशल्याबाई चहा घेऊन वर आल्या. कप ठेवून दुर्बिणीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊनच राह्यली तं एक डाव मले दाखवा. तीन वर्षं घरात होती, मी काई पाह्यलं नाई."

बंडूजींना नाही म्हणता येईना. त्यांनी नळी वर केली, चंद्र धरला, आणि बाजूला झाले. चाळीस नंबरचंच भिंग लावलेलं होतं. कौशल्याबाईंनी एका डोळ्यावर तळहात ठेवला आणि वाकल्या.

"अवं माय! केवढा जवळ आला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण मधात काळं काऊन दिसून राह्यलं?"

बंडूजींचा हात नळीवर होता तो तसाच राहिला. "कुठं?"

"मधात. मी डोळा हालवला का थे बी हालते."

"दुसऱ्या डोळ्यानं पाह्य."

"दुसऱ्यानंही तेच. मले काई झालं काय वो?"

मी जवळजवळ त्यांना ढकलूनच भिंगाला डोळा लावला. काळा डाग. माझ्याही डोळ्यासमोर, चंद्राच्या मधोमध. आणि मग, चारशे मुलांकडून पाठ करून घेतलेला भागाकार मला आठवला.

आयपीसमधून उजेडाची एक गोल वात बाहेर पडते. ती किती जाड हे काढायला आधी दुर्बिणीची लांबी आरशाच्या रुंदीने भागायची, इथे हजार भागिले दोनशे म्हणजे पाच, आणि मग त्या पाचाने आयपीसचा आकडा भागायचा. चाळीस भागिले पाच, आठ मिलिमीटर. माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात, तरुणपणी, फार तर सात मिलिमीटर उघडते. साठीला पाच. आणि संध्याकाळच्या उजेडात, समोर लखलखीत चंद्र असताना, जेमतेम तीन. त्या आठ मिलिमीटरच्या वातीच्या मधोमध असते तिरप्या आरशाची सावली, आणि बंडूजींनी आरसा मोठा घेतल्यामुळे ती जवळजवळ अडीच मिलिमीटरची. तीन मिलिमीटरच्या दारात अडीच मिलिमीटरचा माणूस उभा, मग आत उजेड येणार कुठून? डोळा हलला की डाग हलतो, कारण दारच सरकतं. पटीचा आकडा खाली नेत नेत जाण्यालाही एक तळ असतो, आणि तो तळ बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. या दुर्बिणीला पंचवीस नंबरचं आयपीस पुरेसं होतं. दुकानदार पोरगा तेच तर विचारत होता.

हे सगळं मी बडबडत सांगितलं. शेवटी म्हटलं, "काका, ही चूक माही हाये. सावली हाये थे, आरशाची. तुम्हालेही दिसली असंल, काकूले दिसली, मलेही दिसून राह्यली."

बंडूजी स्लॅबवर तिथेच खाली बसले. आधी हसले. मग त्यांनी चादरीची घडी तोंडाशी धरली, आणि ते हसत नाहीत हे मला कळलं.

पुढच्या गोष्टी आपापल्या वाटेने गेल्या. दुर्बीण कॉलेजात गेली नाही. पंचवीस नंबरचं आयपीस मी मागवलं, या वेळी भागाकार करून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे कौशल्याबाई त्यांना घेऊन गेल्याच, डोळे ठीक निघाले. दसऱ्यानंतर बंडूजी जिनिंगला गेले. पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

कौशल्याबाईंना अजून काहीच उमगलं नव्हतं. "रडता काऊन? झालं तरी काय?" त्या विचारत राहिल्या. मग बंडूजींनी सांगितलं. डाग, वडील, डोळे मिटून मोजलेली पावलं, सगळं. सांगताना ते त्यांच्याकडे बघत नव्हते. "बाबाचं अकरा वर्ष केलं तू," म्हणाले. "आता माह्यंही करा लागंल, थे पाहवत नव्हतं मले."

मला वाटलं, आता त्या रडतील, नाही तर चांगल्याच भडकतील. मी चहाचे कप उचलायला लागले. पण त्या शांतपणे त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"मामाजी रोज सकाळी मले विचारे," सासऱ्यांबद्दल त्या म्हणाल्या, "बाहेर काय दिसून राह्यलं सांग. मी सांगे. कापूस फुटला, कोणाची बैलजोडी चालली, आभाळ कसं हाये. अकरा वर्षं सांगतलं. त्याच्या पहिले मी घराबाहेर असं कधी पाह्यलंच नोतं. थे दिवस मले जड गेले, असं तुमाले कोणं सांगतलं?"

बंडूजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. खाली रस्त्यावरून एक ऑटो गेला.

"तुमाले बी सांगतलं असतं ना," त्या म्हणाल्या. "चांद सुदा सांगतला असता."

बंडूजी उठले. चाळीस नंबरचं भिंग काढून त्यांनी दहा नंबरचं लावलं, चंद्र धरला, कौशल्याबाईंना पुढे केलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

"सांग मंग," ते म्हणाले, "काय दिसून राह्यलं?"

कौशल्याबाईंनी डोळा लावला आणि सांगायला सुरुवात केली. "खड्डे हायेत. लय खड्डे. एका खड्ड्याच्या काठावर ऊन पडलं, अन् आत अजून अंधार हाये."