शेजारच्या बाईंचा आरसा

आमच्या शेजारच्या बाई नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरीला आहेत आणि कार स्वतः चालवतात. गल्लीत काहींना ते खुपतं. बाई बोलताना सारखं "बराबर?" विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत.

महिनाभरात कुणीतरी त्यांच्या कारचा बाजूचा आरसा दुसऱ्यांदा फोडला. रविवारी सकाळी त्या नवा आरसा आणि पाना घेऊन दारातच कामाला लागल्या.

समोरच्या घरातले काका ओट्यावरून म्हणाले, "गॅरेजला न्या की, बाई. बायकांचं काम हाय का हे?"

"मी करून राह्यले ना काका, मंग बायकांचंच झालं. बराबर?"

कारच्या दाराच्या आतले तीन नट सोडवताना त्यांनी मला बाहेरून फुटका आरसा धरायला बोलावलं. तो कुणी फोडला ते मी गच्चीतून पाहिलं होतं आणि आठवडाभर गप्प बसलो होतो. आता लाज वाटून हळूच म्हणालो, "बाई, फोडणारा मला माहीत आहे."

"मला बी म्हाईत हाय," ओट्याकडं बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या. "फोडू द्या. मी परत बसवीन, अन् गाडी इथंच लावीन."

काका उठून घरात गेले. बाईंनी नवा आरसा बसवून शेवटचा नट आवळला.