डॉक्टरकाकांचं पाणी

डॉक्टरकाकांना 'नाही' म्हणता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. शेजाऱ्यांना त्याचा फार ताप व्हायचा. कोणाची म्हैस अडली की ते भरल्या ताटावरून उठायचे आणि ताट झाकायला काकू आमच्याकडून जाळी मागून न्यायच्या. ते खरे डॉक्टर नव्हतेच. अंजनगावच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, निवृत्तही झाले होते, पण लोकांच्या लेखी डॉक्टर तेच. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्यासमोरच ओळख करून दिली, "हे आपले किरिस्ताव डॉक्टर. मानूस सोन्याचा, पन अक्कल वापरत नाही." काका खो खो हसले.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेळीच्या पायाला पट्टी बांधून झाली की तिच्यापुढे बादली यायची आणि मालकाच्या हातात गिलास. "पानी पेल्याबिगर माह्या दारातून कोनी जायाचं नाही," असा त्यांचा दंडक. मामाजी रोज संध्याकाळी त्यांच्या बाकावर बसून गप्पा मारायचे, पण पाणी आलं की म्हणायचे, "आत्ताच पेलो." ख्रिस्ती असले तरी काका मूळचे कोणत्या वस्तीतले, हे मामाजी विसरले नव्हते. काकांनाही ते कळत होतं. तरी गिलास रोज यायचा आणि भरलेलाच परत जायचा. लाज वाटायची ती मला.

रविवारी चर्चला जाण्यापलीकडे काका धर्माविषयी फारसं बोलत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बेटा, मले भाषन येत नाही. बैलाच्या खुरातले किडे काढता येतात, तेच करून राहिलो." एवढंच काय ते.

मग ती वाईट वर्षं आली. जो तो सोयाबीन पेरू लागल्यानं ज्वारी गेली आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. त्यात पावसानंही दगा दिला. बाजारात बैल मातीमोल झाले. ट्रक भरभरून गुरं बाहेर जायची. कुठे, ते कोणी विचारत नसे. काका एका बाजाराला गेले आणि ते चढवणं पाहून परत आले ते वेड लागल्यासारखे. ज्याला त्याला सांगू लागले, "ट्रकात चढवू नका. पोसनं होत नसन तर माह्या आंगनात बांधा. पाऊस येईपर्यंत मी पोसतो." काकूंनी कपाळाला हात लावला. "येशूनं कोनाले वापस लावलं, सांग बरं?" काकांनी त्यांनाच विचारलं.

लोकांनी बांधली. अंगण भरलं, बोळ भरला, चर्चच्या कुंपणापर्यंत दावी गेली. आमचा म्हातारा बैल भुऱ्याही त्यात होता. अक्कल वापरत नाही म्हणणारे मामाजी स्वतः त्याला बांधून आले.

काका सुबाभळीचा पाला ओरबाडून आणत. पलीकडच्या हनीफभाईंनी होतं ते कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, दिलं, आणि एक दिवस तेही हात जोडून म्हणाले, "डॉक्टर साब, अब तो मेरी बकरियाँ भी भूखी हैं।" काकांनी चर्चमध्ये शब्द टाकला, पण तिथलेही बहुतेक शेतमजूरच. विहिरीला पाणी होतं. काका सारा दिवस बादल्या ओढायचे आणि पाजायचे, कारण दुसरं काही हातात नव्हतं. बैल रिकामी पोती चघळायचे. भुऱ्याच्या बरगड्या मला आमच्या ओट्यावरून दिसायच्या. आधी एक गाय गेली, मग एक गोऱ्हा. माणूस इतका हतबल झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी काकांनी एकेक जनावर धुतलं, पाणी पाजलं आणि दावं धरून दारोदार परत नेऊन दिलं. आमच्या दारी आले तेव्हा त्यांनी दाव्यासकट हात जोडले. "भाऊ, शब्द देल्ला होता मी. माह्याच्यानं नाही झालं. माफ करा." मामाजींच्या जिभेला एरवी धार होती, पण त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं दावं घेतलं. आमच्याकडे तरी वैरण कुठे होती? थोड्याच दिवसांत भुऱ्या ट्रकात चढला.

काका त्यानंतर बाकावर बसेनासे झाले. पुढे अर्धं अंग लुळं पडलं आणि लेक त्यांना अकोल्याला घेऊन गेली. त्या वर्षी पाऊस बरा झाला. त्यांच्या अंगणात गवत माजलं, ते बघवत नसे.

"अकोल्याले जाऊन येऊ," असं मामाजी एक दिवस आपणहून म्हणाले. मी बरोबर गेले. काका खाटेवर होते, शब्द ओढून ओढून यायचे. आम्हाला पाहून त्यांनी पहिलं विचारलं, "भुऱ्या?"

त्यांच्यापुढे खोटं बोलणं कोणालाच जमत नसे. मामाजी म्हणाले, "ट्रकात देल्ला, डॉक्टर."

काकांचे ओठ हलले. "पानी... पाजून?"

मामाजींनी मान खाली घातली. "नाही. गाडीवाला घाई करून राहिला होता."

काकांनी डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळलं. आता ते आमच्याशी बोलणार नाहीत, असं मला वाटलं आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नसतं. पण त्यांनी डावा हात कसाबसा उचलला, लेकीला बोलावलं आणि मामाजींकडे बोट केलं. ती आत गेली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली.

मामाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि माझ्यादेखत रडत रडत सगळं पाणी प्यायले.