उलटा तुकडा

साचेबाईंकडे पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा. दोरीवर चिमट्यांना लटकलेली काळजं, खिडकीत वाळत ठेवलेले जबडे, फ्रीजवर एक भलामोठा कान! "घाबरू नका हो, सगळं प्लास्टिकचं आहे," साचेबाई म्हणायच्या, आणि नवऱ्याकडे बोट दाखवायच्या. "खरं काळीज तेवढं ह्यांच्याकडे, आणि तेही उंदराएवढं." नवरा बिचारा हसून आत चहा टाकायला जायचा. रबरी साच्यांत रंगीत प्लास्टिक ओतून शाळा-कॉलेजांसाठी नमुने करायचे, यातच बाईंचा जन्म गेला होता. कामात कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे.

एकदा कॉलेजातल्या मॅडमनी विषाणूच्या कवचाचा नमुना मागितला. बारा पंचकोनी तुकडे, प्रत्येकाच्या कडेत बारकी चुंबकं. ते बरणीत टाकायचे आणि बरणी हलवायची, बस्स. साचेबाईंनी मॅडमसमोरच ती हलवली. तुकडे खडखडले, चिकटले, सुटले, पुन्हा चिकटले, आणि एकाएकी आवाजच बदलला. बरणीत एक अखंड गोळा घरंगळत होता.

"हे जुळवलं कुणी?"

"कुणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "कडाच तशा आहेत. धक्के बसत राहिले की दुसरा आकार होऊच शकत नाही. खऱ्या विषाणूचंही असंच. त्याला ना डोकं, ना हात. धड जिवंतसुद्धा म्हणता येत नाही त्याला."

साचेबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांच्या घरात हात लागल्याशिवाय आजवर एक दातही तयार झाला नव्हता.

आणि नेमका त्याच सुमाराला त्यांच्या एकुलत्या एका लेकाला ताप आला. साधासुधा नाही, दवाखान्यात काचेपलीकडे ठेवायचा ताप. साचेबाईंना ती काच बघवेना, म्हणून नवराच रोज कपडे घेऊन जायचा आणि काचेअलीकडून फोनवर पोराशी बोलून यायचा. डॉक्टरांनी नवीन औषध सुरू केलं होतं. त्याने म्हणे विषाणूचे तुकडे बिघडतात आणि कवच बंदच होत नाही.

हे ऐकलं मात्र, साचेबाई तडक उठल्या. एका तुकड्यातली चुंबकं उपसून त्यांनी उलटी बसवली, तो तुकडा बरणीत टाकला आणि हात भरून येईस्तोवर बरणी हलवली. गोळा होईना. "कसा होशील मेल्या! होऊन दाखव!" त्या बरणीवरच ओरडल्या. मग मनाशी ठरवून टाकलं: बरणीतलं कवच बंद होत नाही, तोवर पोराच्या केसाला धक्का लागत नाही. बरणी त्यांनी मुद्दाम भिंतीच्या फळीवर ठेवली. खाली छापखाना होता, रात्रपाळीची यंत्रं सुरू झाली की फळी सकाळपर्यंत थरथरत राही. परीक्षा घ्यायची तर खरीखुरी, असा बाईंचा खाक्या. वेडेपणाच तो. पण ज्याचं पोर काचेपलीकडे आहे, त्याला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

रोज सकाळी उठल्या की त्यांची पहिली नजर फळीकडे. नवरा त्यांच्याआधी उठलेला असायचा. "सुटेच आहेत बघ," तो म्हणायचा, आणि चहाचा कप हातात द्यायचा.

त्या सकाळी चहाचा वास आला नाही. घर नुसतं गप्प होतं. साचेबाईंनी फळीकडे पाहिलं. कवच बंद होतं! कुठे फट नाही, भेग नाही. तो उलटा तुकडासुद्धा आपल्या जागी चपखल बसला होता, कुणी नीट बसवून दिल्यासारखा.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. देवा, एवढं ऐकायला नको लावूस, म्हणत त्यांनी तो कसाबसा कानाला लावला.

"आई, ताप उतरला! उद्या सोडतायत मला!"

साचेबाई मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "गाढवा, जीव घेतलास माझा! अरे, इथे कवच बंद झालंय, उलट्या तुकड्यासकट!"

पोरगं हसायला लागलं. "अगं, ते रोजच होतं. तू घाईत गोंद कच्चा ठेवलास. चुंबकं खाचेतच फिरतात आणि आपणहून सरळ होतात. बाबा रोज तू उठायच्या आत गोळा फोडतात आणि चुंबकं परत उलटी करून ठेवतात. तुला सांगू नको म्हणाले होते."

"असं काय! लबाड कुठले!" रडता रडता साचेबाईंना हसू फुटलं. "थांब, बघतेच त्यांच्याकडे."

"दे त्यांना फोन."

फोन कानाला तसाच धरून त्या आतल्या खोलीत गेल्या. नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं.

"अहो, उठा! पोरगं घरी येतंय!"

तो हलला नाही. त्यांनी वाकून त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ चटका बसावा इतकं तापलं होतं.

"आई," फोनमधून आवाज आला, "दे ना बाबांना."