अवेळी भोंगा आणि गुलाबपाणी

परवा लग्नाच्या मांडवात कुणीतरी गुलाबपाणी शिंपडलं आणि मला भिलाईतली ती दुपार आठवली. पोलादाचा प्लांट अजून उभा राहत होता. सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारच्या कामठीच्या भाभीकडे बायकांचा मिलाद होता, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची कथा वाचायची बैठक. तिचा नवरा आणि माझा त्या दिवशी एकाच पाळीत, भट्टीवर. वाचन रंगात आलं असतानाच प्लांटचा भोंगा अवेळी वाजला. अवेळी भोंगा म्हणजे अपघात. बैठकीत शिंपडलेल्या गुलाबपाण्याचा वास दाटून आला. आणि एकाएकी साऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. वाईट निरोप आला असंच मला वाटलं. "कोण गेलं व?" मी ओरडले. भाभीनं हाताला धरून मला उठवलं. "कोणी नाही व बाई. जन्माचं वाचन आलं, आता उभं राहून पैगंबराइले सलाम म्हणतात." तिचा हात थंडगार होता. "तुले भेव नाही लागून राहिलं?" मी विचारलं. "लागून राहिलं ना," सातव्या महिन्याच्या पोटावर दुसरा हात ठेवत ती म्हणाली, "पण त्याइचे वडीलबी जन्माआधीच गेले होते. हे भेव त्याइले नाही समजणार, तं कोणाले?" संध्याकाळी दोघींचेही नवरे घरी आले. भोंग्याची नुसती चाचणी होती, असं सांगत हसत होते. आम्ही दोघी नाही हसलो. परवा मांडवात तो वास आला आणि भानावर आले तेव्हा सगळे बसलेले होते, मी एकटीच उभी होते.