बंपरातले डुगडुगणारे ठोकळे

हसायचं नाही असं ठरलं तरच सांगतो. कारण ह्यात घोळ घालणारा मीच, आणि तोही मेहुणीच्या लग्नाच्या दिवशी.

माझ्या बायकोचे मामा, अण्णा, बोरिवलीला राहतात. त्यांच्याकडे एक जुनी, आलिशान विलायती मोटार आहे. लांबलचक नाक, परातीएवढे दिवे. मुलीला, रूपालीला, ह्याच मोटारीतून अंधेरीच्या हॉलवर न्यायचं, हे अण्णांनी ती शाळेत असल्यापासून ठरवलेलं.

आदल्या दिवशी मोटार पुसायचं काम मी मागून घेतलं. पुढच्या बंपरच्या टोकाला हात लागला, तर आत काहीतरी हललं. वाकून बघतो तर दोन्ही टोकांच्या मागे एकेक जड लोखंडी ठोकळा, स्प्रिंगवर बसवलेला आणि चांगलाच डुगडुगणारा. म्हटलं, वयोमानाने ढिला झाला, दुसरं काय? लाकडाच्या पाचरी मारून दोन्ही गच्च बसवले. कोणाला सांगितलंही नाही. चांगलं काम गुपचूप करावं ना?

लग्नाच्या सकाळी अण्णा स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागे नटलेली रूपाली. गल्लीत मोटार लोण्यासारखी. हायवेला जरा वेग घेतला आणि तिचं नाक थरथरायला लागलं. दिवे नकारार्थी माना हलवायला लागले. स्टिअरिंगबरोबर अण्णा खांद्यापर्यंत हलत होते. वेग कमी केला की बंद, वाढवला की पुन्हा सुरू. मला तर भलतंच कुतूहल वाटायला लागलं.

"टायरात हवा कमी असणार," मी ठामपणे सांगितलं. हवा भरली. थरथर तशीच. "मग चाकाचे नट." तेही आवळले. तरी तेच. "मागे वजन कमी पडतंय," म्हणून मी मागे गेलो आणि नवरीला पुढे बसवलं. तिच्या कानातले झुबे असे नाचायला लागले की बाजूच्या बाईकवाल्याने वळून बघितलं.

"भाओजी, मला इथेच उतरवा, मी रिक्षाने जाते," रूपाली म्हणाली. "मुहूर्त चुकला तर आई मला नाही, तुम्हाला बोलेल."

अण्णांनी मोटार कडेला घेतली. "आजवर ही अशी कधी थरथरली नाही. जावईबापू, काल हात खंय खंय लावलात?"

"कुठे नाही हो, फक्त पुसली. हां, ते बंपरचे ठोकळे ढिले झालेले, तेवढे फिट करून टाकले."

अण्णा ताडकन खाली उतरले. मग पक्कड घेऊन, सिल्कच्या झब्ब्यातच, रस्त्याकडेला उकिडवे बसले आणि पाचरी उपटल्या.

"अहो, ते हलण्यासाठीच ठेवलेत. मोटारीचं नाक हलायला लागलं की हे ठोकळे उलट्या बाजूला हलतात आणि सगळी थरथर आपल्या अंगावर घेतात."

माझा विश्वास बसेना. पण पुन्हा वेग घेतला, आणि नाक एकदम शांत. मी मागून मान लांब करून बघतच राहिलो. मुहूर्त कसाबसा गाठला.

आता अण्णा मढला फिरायला निघाले की मलाही आवर्जून बोलावतात. फक्त मोटार सुरू करण्याआधी आरसा नीट करत म्हणतात, "जावईबापू, हात जरा वर धरा. मला दिसले पाहिजेत."