डाळिंबांना बांधलेली आत्या

"वहिनी, हे कुणी बांधलं? कुणी?" सणसरच्या बागेत मी असा ओरडलो, की बांधावरचे झाडून सगळे बगळे उठून बारामतीला गेले. त्यातला एक अजून परतलेला नाही.

उन्हानं डाळिंबांवर चट्टे पडू नयेत म्हणून आमच्याकडे फळांना रद्दी कागद बांधतात. दरवर्षी वर्तमानपत्रं असतात. यंदा आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावातलं महिला मंडळ तिनं काढलेलं. साखर कारखान्याच्या निवडणुकीत मत शेअर असलेल्या सभासदाला, आणि सभासद म्हणजे घरटी एक बाप्या. बाईच्या नावावरही शेअर हवा, म्हणून ती सायकलवरून गावोगाव अर्ज गोळा करत फिरली. मी सांगताना त्या सायकलला पंख लावायचो, संचालकांना टेबलाखाली लपवायचो. पण तिचा स्वतःचा शेअर तिनं मिळवला, एवढं पंखांशिवायही खरं.

वारण्याआधी कागदांची पेटी तिनं माझ्या हवाली केली. "तू नुसता बोलतोस. एकदा उघडून वाच." मी ती वहिनींच्या माळ्यावर टाकली नि बारामतीला गेलो. उघडली नाही. मधे वारसाच्या अर्जावर सही तेवढी केली. आत्याचा शेअर माझ्या नावावर झाला.

"मी फोन केला हुता की, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पेटीला वाळवी लागतीय म्हणून. तुमी म्हणाला, आत्याच्या पेटीतली वाळवी शिकलेली हाय, वाचून झाल्याबिगर खायची न्हाय."

म्हणालो होतो. वर हसलोही होतो.

मी झाडाझाडाखाली वाकून वाचत निघालो. कुठं निम्मा अर्ज, कुठं अंगठ्याचा निळा ठसा, औषधाच्या फवाऱ्यानं पसरलेला. कडेच्या झाडावर आत्याचं अक्षर दिसलं. सोडवून घेतला कागद. 'माझ्यामागं माझा शेअर थोरल्या भाचेसुनेच्या नावावर करावा. घरात एका बाईला मत राहावं.'

थोरली भाचेसून पुढच्या झाडाशी सुतळी तोडत होती. मी कागद नुसता पुढं धरला.

वहिनींनी तो घेतला, त्याच फळाला परत गुंडाळला आणि गाठ मारली.

"वाचलाय मी. कडेच्या फळाला ऊन लई लागतं."